मराठी शाळेतून पीयू सायन्सला गेलेली पोरं पहिल्या टेस्टनंतर खचतात, नेमकं काय करावं?

वाचनालय_खानापूर

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका गावात वाचनालयाची अभ्यासिका चालते, संध्याकाळी ६ ते ९. पीयू सायन्सची (पीयू म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, फर्स्ट आणि सेकंड पीयू) दहा-बारा मुलं-मुली येतात. सगळी मराठी माध्यमातून एसएसएलसी (इथली दहावी) झालेली, बहुतेकांना ६२५ पैकी ५०० च्या वर. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं तेव्हा उत्साह असतो. पहिल्या टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ६-७ पडले की सगळं पालटतं. पेपर दप्तरातून बाहेर येत नाही. पुढच्या टेस्टच्या दिवशी पोटात कळ, उलटी. "मला जमणारच नाही, उगाच सायन्स घेतलं" हे रोज ऐकू येतं. घरी डॉक्टर नाहीतर इंजिनिअर हे ठरलेलं. काही घरांत क्लासच्या फीसाठी दागिने पतसंस्थेत ठेवलेत आणि ते त्या पोराला माहीत आहे.

धीर द्यायचं काम आम्ही करतोच आहोत, पण तेवढ्यानं भागत नाही. अभ्यासाचं काय करायचं, भीतीचं काय करायचं, कुठल्या खुणा दिसल्या की डॉक्टरकडे न्यायचं, आणि खरंच नापास झालं तर पुढचे रस्ते कोणते? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

फिजिक्स_पीयू

आधी निदान करा. कमी मार्कांची कारणं तीन असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा. "अभ्यास वाढव" हा सल्ला तिघांनाही सरसकट दिला की दोघांचं नुकसानच होतं.

टेस्टचा तोच पेपर घ्या. मुलाला शेजारी बसवा, घड्याळ बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रश्न मराठीत तोंडी विचारा. संवेग म्हणजे काय? न्यूटनचा दुसरा नियम सांग. ५ किलोच्या वस्तूवर २० न्यूटन बल लावलं तर त्वरण किती? धडाधड उत्तर आलं तर अडचण भाषेची. नियम सांगतो पण गणिताला थांबतो, तर अडचण मागची आहे: सूत्रातली पदं इकडची तिकडे नेणं, अपूर्णांक, घातांक, थोडी त्रिकोणमिती. आणि मराठीत येतं, घरी बसून इंग्रजीतही लिहितो, फक्त हॉलमध्ये डोकं रिकामं होतं, तर तो भीतीचा भाग. त्यावर समुपदेशन करणाऱ्यांनी लिहावं. एका मुलामागे अर्धा तास जातो, पण तो सगळ्यात कामाचा अर्धा तास आहे.

मराठी शाळेतल्या चांगल्या मार्कांच्या मुलांत पहिलं कारणच जास्त दिसतं. आपल्याकडे पीयू सायन्सचा पेपर इंग्रजीतून किंवा कन्नडमधून लिहायचा, मराठीची सोय नाही. विस्थापन, वेग, त्वरण, जडत्व शिकून आलेलं मूल जूनमध्ये वर्गात डिस्प्लेसमेंट, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, इनर्शिया ऐकतं. कल्पना ओळखीची असते, पण ती तीच आहे हे उमगेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असतात. मूल मात्र समजतं की आपली हुशारी दहावीपुरतीच होती. तसं नाही हे नुसतं सांगून पटत नाही. मराठीतून तोंडी विचारल्यावर १० पैकी ७ उत्तरं त्याची त्यालाच आलेली दिसली, की पटतं.

भाषेवरचा उपाय असा. २०० पानी वही, प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, तिसऱ्यात स्वतः काढलेली आकृती किंवा एक उदाहरण. रोज १० ते १२ संज्ञा, त्यापेक्षा जास्त नकोत. उद्या जो धडा वर्गात आहे त्याच्याच संज्ञा आज लिहायच्या, म्हणजे सर बोलतात तेव्हा शब्द आधीच कानावर असतो. इथे एक चूक हमखास होते: मुलं अख्खं पुस्तक मराठीत उतरवायला बसतात. पंधरा दिवसांत दमतात आणि वही बंद पडते. फक्त संज्ञा घ्यायच्या. समजून घेताना मराठीत बोलायचं, लिहायचं मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत.

याच वहीच्या मागच्या पानांवर प्रश्नातली क्रियापदं लिहा. डिफाइन म्हणजे एका वाक्यात व्याख्या. स्टेट म्हणजे नियम जसाच्या तसा, कारण नको. डिराइव्ह म्हणजे आकृती, गृहीतकं, पायऱ्या आणि शेवटी चौकटीत उत्तर. डिस्टिंग्विश म्हणजे दोन रकान्यांत फरक. स्टेटच्या २ मार्कांना पानभर आणि डिराइव्हच्या ५ मार्कांना चार ओळी लिहिणारी मुलं सगळं येत असूनही मार्क घालवतात.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या पद्धतीची. तेच पान पाच वेळा वाचलं की ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं असं वाटतं. रोडिगर आणि कारपिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने विचारलं तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून नियम करा: एकदा नीट वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून लाल पेनने राहिलेलं भरायचं. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तेच पुन्हा. पहिल्यांदा कागद अर्धा रिकामा राहतो आणि मूल घाबरतं. तो अर्धा रिकामा राहणं हाच अभ्यास आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

मागची कच्ची बाजू असेल तर पीयूचं पुस्तक थोडं बाजूला ठेवून रोज २० मिनिटं आठवी ते दहावीचं बीजगणित करून घ्या. फिजिक्सची निम्मी भीती तिथेच असते.

आणि एक माहिती जी घरोघरी सांगायला हवी. केसीईटीच्या (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) इंजिनिअरिंग रँकमध्ये ५० टक्के वजन परीक्षेच्या मार्कांचं आणि ५० टक्के सेकंड पीयूच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचं असतं. फर्स्ट पीयूचे मार्क त्यात कुठेच येत नाहीत. मेडिकलच्या नीट परीक्षेची रँक तर त्या परीक्षेच्या गुणांवरच लागते. म्हणजे पहिल्या टेस्टमधल्या २५ पैकी ६ मार्कांनी कुणाचीही सीट गेलेली नाही. फर्स्ट पीयू व्यवस्थित पास व्हायचं, पाया घालायचा आणि इंग्रजीत लिहायची सवय करायची. वहीचं काम जूनपासून नेमानं झालं तर दिवाळीपर्यंत भाषेची अडचण बरीच मागे पडते.

मनमोकळं_बेळगाव

सरांनी निदानाचं लिहिलंय ते अगदी खरं. तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे हॉलमध्ये डोकं रिकामं होतं त्याबद्दल लिहिते.

परीक्षेच्या भीतीचे दोन भाग असतात. एक शरीराचा: छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा, वारंवार लघवीला जाणं. दुसरा डोक्यातला: नापास होणार, बाबांचे पैसे बुडणार, गल्लीत तोंड कसं दाखवू. मार्क जास्त करून दुसऱ्यानं जातात, कारण डोक्यात जी जागा आकडेमोडीला लागते ती हे विचार अडवून बसतात. थोडी धडधड असावीच, तिच्यामुळे माणूस जागा राहतो. म्हणून "घाबरू नकोस" म्हणू नका. "धडधड होणारच, तरी लिहिता येतं" असं म्हणा.

भीती टिकते ती टाळण्यामुळे. टेस्टच्या दिवशी पोट दुखलं म्हणून घरी राहिलं की तासाभरात बरं वाटतं, आणि मन शिकतं की टाळलं की सुटका. पुढच्या वेळी दुखणं वाढतं. तरी पोटदुखीला नाटक म्हणू नका, ती खरी असते. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, आणि पोटात काही नाही असं ते म्हणाले तर मुलाला टेस्टला पाठवा, हवं तर सोबत कुणी जा.

अभ्यासिकेत करता येण्यासारखा उपाय म्हणजे पायऱ्या. मुलाला विचारा, भीती ० ते १० मध्ये किती? मग सगळ्यात सोप्या पायरीपासून सुरुवात. पहिली पायरी, घड्याळाशिवाय एका मार्काचे पाच प्रश्न. दुसरी, घड्याळ लावून पाच मार्कांचा एक प्रश्न. तिसरी, बाकीची मुलं आजूबाजूला असताना अर्ध्या तासाचा पेपर. चौथी, तो पेपर मित्राच्या हातात तपासायला देणं. ही पायरी बऱ्याच जणांना लिहिण्यापेक्षा अवघड जाते. पाचवी, बोर्डाच्या वेळेला बोर्डाचा नमुना पेपर, पूर्ण वेळ. एका पायरीवरची भीती ८ वरून ४ पर्यंत उतरेपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा करायची. बिघडतं ते दोन ठिकाणी. उत्साहाच्या भरात मुलाला थेट तीन तासांच्या पेपरला बसवतात. आणि भीती टोकाला गेलेली असतानाच त्याला उठू देतात. मध्येच उठला तर भीती आणखी पक्की होते. लिहिता येत नसेल तर नुसता बसू दे, पण वेळ संपेपर्यंत बसू दे.

श्वासाचं एकच तंत्र पुरे. चार मोजत नाकानं आत, सहा मोजत हळू बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके कमी होतात. हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग होत नाही. दोन आठवडे रोज अभ्यासिकेत बसल्याबसल्या सगळ्यांकडून करून घ्या. हॉलमध्ये पेपर हातात आल्यावर असे पाच श्वास, मग वाचनाच्या वेळात येणाऱ्या प्रश्नांवर खूण, आणि सुरुवात येणाऱ्या प्रश्नानं. क्रम मोडला तरी चालतो, प्रश्नाचा क्रमांक तेवढा नीट घालायचा.

झोपेबद्दल कुणी फारसं बोलत नाही. रात्री २ पर्यंत जागून सकाळी साडेसहाची बस पकडणारी मुलं वर्गात पेंगतात, आणि दिवसभर वाचलेलं मनात मुरायला जी झोप लागते तीच त्यांनी कापलेली असते. या वयात निदान ८ तास झोप हवीच. अभ्यासिका ९ ला बंद होते ते उत्तम आहे, ती वेळ वाढवू नका.

आता डॉक्टरकडे कधी. उदास चेहरा, चिडचिड, झोप उडणं किंवा दिवसभर झोपून राहणं, जेवण तुटणं, आवडीचं खेळणं-बोलणं बंद, हे दोन आठवडे सलग दिसलं तर थांबू नका. "मी सगळ्यांना ओझं झालोय", "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलणं, आपल्या वस्तू वाटून टाकणं, निरवानिरवीची भाषा, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. आणि सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो असं लोक समजतात. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल बोलायला लागतं. उत्तर हो आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, उपदेश करू नका. त्याला एकटं सोडू नका आणि घरच्यांना सांगा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसू नका.

आपल्या खेड्यांत शेतीची औषधं परड्यात, माळ्यावर उघडी पडलेली असतात. निकालाच्या आधी आणि नंतर ती प्रत्येक घरात कुलपात हवीत, किल्ली एका मोठ्या माणसाकडे. घरातल्या गोळ्याही तशाच. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण टोकाचा क्षण बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोन सेवेचा नंबर १४४१६, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. केंद्र सरकारनं ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. बेळगावात बिम्सच्या (सरकारी मेडिकल कॉलेज) दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. धारवाडची डिमहान्स ही तर खास मनाच्या आजारांचीच संस्था. जीवाचा धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८. आणि एक सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करत नाहीत. पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका.

वाचनालय_खानापूर

दोघांचे मनापासून आभार. तोंडी चाचणीचं याच आठवड्यात सुरू करतो. एक राहिलं: पालकांशी काय बोलायचं? बरेच शेतकरी आहेत, काही गवंडीकाम करतात. त्यांचा हेतू वाईट नाही, पण रोजचं बोलणंच पोराला टोचतं. आणि क्लासच्या फीचं काय?

निवृत्त_मुख्याध्यापिका

पालकांना व्याख्यान देऊ नका, वाक्यं बदलून द्या. "किती पडले?" याऐवजी "कुठल्या प्रश्नाला अडलं?" "अमक्याच्या पोराला बघ" हे पूर्ण बंद. "तुझ्यासाठी सोनं ठेवलंय" हेही बंद. तो निर्णय मोठ्यांनी घेतला, फेडणार मोठे, मुलाला त्याचा हिशेब रोज ऐकवायचा नाही. "तुझ्यावरच आमची सगळी आशा" हे प्रेमानं म्हटलं जातं, पण मुलाच्या कानाला ते "तू पडलास तर आम्ही संपलो" असं लागतं. त्याजागी "पेपर बिघडला तर घरी ये, जेव, मग बघू पुढं काय ते" असं म्हणा. आणि हे निकालाच्या आधी म्हणायला हवं. नंतर म्हटलेलं मुलाला समजूत घातल्यासारखं वाटतं.

आईंना वेगळं बोलवा. मूल खरं काय ते आईलाच सांगतं, आणि बापाच्या रागापायी आई ते दाबून ठेवते. मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती असते, नापास झाली की शिक्षण थांबवून लग्नाचं बघतील. ती भीती मुलगी बोलून दाखवत नाही. पालकांकडून "एकदा नापास झाली तरी शिक्षण थांबवणार नाही" एवढं चार माणसांसमोर वदवून घेतलंत तर तिच्या डोक्यावरचा मोठा भार उतरतो.

गावातलं मंडळ आणि वाचनालय मिळून एक करू शकता. निकालानंतर चौकात पहिल्या तिघांच्या फोटोंचा मोठा फ्लेक्स लागतो. ज्यांचा फोटो नाही ती पोरं त्या चौकातून जायचं टाळतात, मागच्या वाटेनं घरी जातात. फ्लेक्स लावू नका. सत्कार करायचाच तर पास झालेल्या सगळ्यांचा करा, आणि राहिलेल्यांना पुढच्या परीक्षेच्या अर्जासाठी त्याच दिवशी वाचनालयात बोलवा.

फीबद्दल. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेसबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, रँकची खोटी हमी नको, असं त्यात आहे. या सूचना आहेत, अंमलबजावणी राज्यांनी करायची. म्हणून भरवसा कागदावर ठेवा: पैसे भरण्याआधी परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या आणि वर्षाची फी एकदम भरू नका, हप्ते मागा. फर्स्ट पीयूची पहिली टेस्ट होईपर्यंत मोठ्या क्लासची घाई करायची गरज नाही. मूल आधी कॉलेजात रुळू दे.

येळ्ळूरकर_०७

सगळं पटलं, पण एक शंका. इतकं सांभाळून घेतलं तर पोरं जिद्द कशी धरणार? सीमाभागातल्या मराठी पोराला नोकरी सहज मिळत नाही, दडपण थोडं तरी पाहिजेच की.

मनमोकळं_बेळगाव

दादा, जिद्द आणि धाक वेगळे. जिद्दीला लक्ष्य लागतं, आणि ते मुलाच्या हातातलं असावं लागतं. "९० टक्के पाहिजेत" हे हातात नाही, पेपर कसा निघेल कुणाला ठाऊक. "या आठवड्यात तीन डेरिव्हेशन पुस्तक न बघता लिहायची" हे हातात आहे. तिथे अजिबात सूट देऊ नका, वही रोज बघा, राहिलं तर त्याच दिवशी करून घ्या. शिस्त कामावर ठेवा, मार्कांवर धमकी नको. धमकीखालचं मूल जास्त अभ्यास करत नाही, मार्क जास्त लपवतं.

येळ्ळूरकर_०७

हे बरोबर वाटतंय ताई. पटलं.

प्रवेश_मार्गदर्शन

पुढच्या रस्त्यांबद्दल. मुलाच्या मनात "सायन्स गेलं म्हणजे सगळं गेलं" असं असतं, कारण दुसरं कुणी दाखवलेलंच नसतं. हे सगळं मोठ्या कागदावर लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावा, जूनमध्येच, कुणी नापास व्हायच्या आधी.

बोर्डाची परीक्षा आता एकदाच होत नाही. २०२४ पासून एसएसएलसी आणि सेकंड पीयू दोन्हीला त्याच वर्षात परीक्षा-१ नंतर पुन्हा परीक्षा देता येते, पास झालेल्यांनाही मार्क वाढवण्यासाठी बसता येतं आणि ज्या परीक्षेत जास्त ते मार्क धरतात. जुन्या पिढीच्या डोक्यात अजून "वर्ष वाया गेलं" बसलंय. एखाद्या विषयात राहिलं म्हणून वर्ष जातंच असं नाही.

सायन्स खरंच झेपत नसेल तर फर्स्ट पीयू सोडून एसएसएलसीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकला डिप्लोमा, तीन वर्षांचा. तिथून डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. म्हणजे इंजिनिअर व्हायचंच असेल तर पीयूशिवायही वाट आहे. ज्याला हातानं काम करायला आवडतं त्याला आयटीआयचा फिटर, टर्नर, मशिनिस्ट. उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फाउंड्री, मशिन शॉपवाल्यांना सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणारी, मापं अचूक घेणारी पोरं लागतातच. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाही प्रवेश असतो. कॉमर्स, आर्ट्सला जाणं म्हणजे हार नव्हे हे मी सांगून कुणाला पटणार नाही. गावातला जो सीए, वकील, शिक्षक असेल त्याला एकदा अभ्यासिकेत बोलवा, पोरांना त्यालाच प्रश्न विचारू दे.

आपल्या भागासाठी आणखी एक. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्या भागात राहणाऱ्या, इथल्याच संस्थेतून दहावी-बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात "टाइप ई" म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि सीमाभागात राहत असल्याचा व मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यातच लागतात. मुलं परीक्षा देतात, दाखले मात्र प्रवेशाच्या आठवड्यात शोधतात आणि तिथेच अडकतात. सेकंड पीयूच्या डिसेंबरमध्येच कागद तयार ठेवा. केसीईटी आणि एमएचटी-सीईटी दोन्ही दिल्या तर मुलाच्या डोक्यावर एकाच परीक्षेचं ओझं राहत नाही.

नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, इंग्रजीसोबत. पण मराठीचा पर्याय घेतला तर परीक्षा केंद्र महाराष्ट्रातलं येतं, आणि भाषांतरात घोटाळा असेल तर इंग्रजी मजकूरच प्रमाण धरतात. दोन वर्षं इंग्रजीतून शिकलेल्या मुलानं शेवटच्या क्षणी मराठी निवडू नये, ते त्याला जड जाईल.

वाचनालय_खानापूर

फार मोलाची माहिती. भिंतीवरचा कागद करतोच. निकालाच्या दिवशी कुणाला अनपेक्षित कमी मार्क आले तर लगेच काय करायचं, तेवढं कुणी सांगाल?

फिजिक्स_पीयू

निकाल मुलानं एकट्यानं मोबाईलवर बघू नये एवढं आधी ठरवा. अभ्यासिका त्या दिवशी सकाळपासून उघडी ठेवा. स्टेटसवर मार्कशीट टाकायची नाही असं सगळ्या मुलांनी मिळून ठरवलं तर फार बरं. ते तुम्ही लादू नका, त्यांनाच ठरवू दे. नातेवाइकांचे फोन आई-बापांनी घ्यायचे, मुलाच्या हातात द्यायचे नाहीत. पहिले दोन दिवस पुढचं करिअर वगैरे चर्चा नको. जेवण, झोप आणि कुणीतरी सोबत, एवढंच बघा.

मार्क खरंच अनपेक्षित वाटले तर आधी उत्तरपत्रिकेच्या स्कॅन प्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करायचा. ती घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येत नाही. दोन्हींची मुदत निकालापासून थोडेच दिवस असते आणि शुल्क विषयवार, म्हणून सगळ्या विषयांचे अर्ज करू नका, अंदाजापेक्षा फारच कमी आलेला एखादा विषय निवडा. प्रत हाती आली की तीन गोष्टी बघा: प्रत्येक उत्तराचे मार्क शेवटच्या तक्त्यात आलेत का, एखादं उत्तर न तपासता राहिलंय का, आणि पुरवणी लावली असेल तर तिची पानं प्रतीत आहेत का. बेरीज चुकली असेल तर फेरबेरीज पुरे. न तपासलेलं किंवा उघड कमी दिलेलं उत्तर असेल तरच पुनर्मूल्यांकन, आणि तेही त्या विषयाच्या शिक्षकांना प्रत दाखवून. मुलाला स्वतःचं प्रत्येक उत्तर बरोबर वाटतं, म्हणून त्याच्या एकट्याच्या मतावर पैसे घालू नका.

हे चालू असताना पुढच्या परीक्षेचा अर्ज मात्र लगेच भरून टाका, पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट बघत थांबू नका. दोन्ही मुदती एकमेकींवर येतात, आणि दरवर्षी काही मुलं मार्क वाढतील या आशेवर अर्ज भरायचा चुकवून बसतात. अर्ज कॉलेजमार्फत जातो, तेव्हा निकालाच्या दुसऱ्या दिवशी मुलासोबत घरातलं कुणीतरी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन यावं.